दोन व्याही आणि एक डोंगर

वाटाड्याने जन्मभर लोकांना नाही म्हणायचं काम केलं. डोंगरावर माणसं नेणं हा त्याचा धंदा, पण खरं कसब कुणाला न्यायचं नाही हे ओळखण्यात आहे, असं तो म्हणे. एका निवृत्त सेनाधिकाऱ्याला त्याने अर्ध्या वाटेवरून परत फिरवलं होतं. मधुचंद्राला आलेल्या एका जोडप्याला पायथ्याशी चहा पाजून घरी धाडलं होतं. एका कारखानदाराला तर तोंडावर सांगितलं होतं, की साहेब, डोंगर काही तुमच्याकडे नोकरीला नाही. सोबती त्याला मागे 'नकारघंटा' म्हणत. ते त्याच्या कानावर आलं होतं, आणि त्याला त्याचं वाईट वाटलं नव्हतं. त्याने नेलेलं प्रत्येक माणूस आपापल्या पायांनी घरी परतलं होतं.

पण व्याह्यांनी विचारलं तेव्हा ही घंटा वाजलीच नाही.

मुलीच्या घरी सगळे जेवायला बसले होते. व्याह्यांचं चष्म्यांचं दुकान. ते त्यांनी नुकतंच मुलाच्या, म्हणजे वाटाड्याच्या जावयाच्या, हवाली केलं होतं. आता वेळच वेळ आहे, तर एकदा आम्हालाही त्या मोठ्या डोंगरावर न्या, असं ते सहज मीठ मागावं तसं म्हणाले. वाटाड्याचा घास हातातच राहिला. समोरचा माणूस साठी ओलांडलेला, उभा जन्म स्टुलावर बसून लोकांच्या डोळ्यांत बघण्यात गेलेला, दुकानाच्या पायऱ्या चढतानाही कठड्याला धरणारा. दुसरं कुणी असतं तर त्याने एका शब्दात विषय मिटवला असता.

पण हे मुलीचे सासरे होते, आणि नुसते सासरे नव्हेत. मागे मुलगी आजारी पडून अंथरुणाला खिळली होती, तेव्हा दुकानाला कुलूप घालून तिच्या उशाशी बसून राहिलेला हा माणूस. वाटाड्या तेव्हा वर बर्फात होता, परक्या माणसांच्या दोराला बांधलेला. खाली आला तोवर मुलगी उठून हिंडू-फिरू लागली होती. त्या गोष्टीवर व्याही कधी अवाक्षर बोलले नाहीत, आणि म्हणूनच वाटाड्याला त्यांच्यापुढे नेहमी अवघडल्यासारखं होई. "नेतो की, त्यात काय," तो म्हणाला.  मुलीने दोघांच्याही ताटात न विचारता आणखी वाढलं.

खरं सांगायचं तर वाटाड्या दमला होता. बायको गेली आणि त्याच वर्षी त्याने दोर, बर्फात रोवायच्या कुऱ्हाडी, जाड कपडे, सगळं बिऱ्हाड बांधून माळ्यावर टाकलं. पुन्हा वर जाण्याची त्याला इच्छाही उरली नव्हती. कामाचा थकवा झोपेने उतरतो; त्याचा हा थकवा झोप झाली तरी सकाळी उशाशी बसलेला असायचा. दिवसभर तो खिडकीशी बसे, रेडिओ लावून ऐकत नसे, एकट्यापुरता स्वयंपाक करी आणि निम्मा टाकून देई. मुलगी नोकरीतून वेळ मिळेल तसा फोन करी. तू कसा आहेस म्हटलं की तो म्हणे, मजेत. माळ्यावरचं ते बिऱ्हाड खाली काढताना त्याला वाटलं, कुणी तरी आपल्याला पुन्हा शाळेत घालतंय.

तरी काम हाती घेतलं की नीट करायचं, ही जित्याची खोड. त्याने आधी व्याह्यांना डॉक्टरकडे नेऊन छाती, रक्तदाब, डोळे, दात, सगळं तपासून घेतलं. डॉक्टरने हरकत घेतली असती तर तो सुटला असता. पण डॉक्टर म्हणाला, हळूहळू तयारी केलीत तर काही अडचण नाही. मग जिने सुरू झाले. व्याह्यांच्या इमारतीचा जिना उंच आणि अंधारा. पाठपिशवीत पाण्याच्या बाटल्या भरून वर चढायचं, गच्चीवर पाणी ओतून टाकायचं आणि रिकाम्या पिशवीने उतरायचं, म्हणजे उतरताना गुडघ्यांवर भार येत नाही. व्याही ते पाणी फुकट न घालवता गच्चीवरच्या कुंड्यांना घालत. काही आठवड्यांत त्यांचे पाय सुधारले आणि कुंड्यांतली झाडं अति पाण्याने कुजली.

नवे बूट पायांना सरावावेत म्हणून ते घरात घालून बसायचे, हाही वाटाड्याचाच नियम. विहीणबाईंनी आपल्या गालिच्याचं काय होतंय ते बघितलं आणि दोघांनाही शेलक्या शब्दांत सुनावलं. व्याही बूट घालूनच टीव्हीसमोर बसून राहिले. जाड हातमोजे घालून स्टोव्ह पेटवणं, डोळे मिटून कमरेच्या पट्ट्याची गाठ चाचपणं, तहान नसताना पाणी पिणं, असं सगळं ते मुकाट्याने शिकत. कधी कंटाळले नाहीत, कधी कुरकुरले नाहीत. वाटाड्याला वाटे, काय हौस आहे या माणसाला. आणि ती हौस बघून तो स्वतःचा कंटाळा गिळून पुन्हा जिन्याखाली उभा राही.

एकच गोष्ट त्याला खटकत होती. त्याच्या धंद्यात दोघांपैकी कुणालाही कधीही 'बस, मागे फिरू' असं म्हणता आलं पाहिजे, आणि दुसऱ्याने त्यावर वाद घालता कामा नये. बाकीचं सगळं सामान विकत मिळतं, एवढं मात्र मिळत नाही. पण इथे घोडं पेंड खात होतं. जिन्यात धाप लागली की व्याही विचारत, "तुम्हाला थोडं बसायचंय का?" वाटाड्या म्हणे, "तुम्ही म्हणाल तसं." व्याही म्हणत, "माझं काय, तुमच्या सोयीने घ्या." आणि दोघेही गुडघे कुरकुरत असताना आणखी एक मजला चढत. वाटाड्याने त्यांना हुकूम सोडायचं दोनदा मनात आणलं. दोन्ही वेळा त्याला मुलीच्या उशाशी बसलेला तो माणूस आठवला, आणि हुकूम घशातच राहिला. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही.

मोठ्या डोंगराआधी सरावासाठी एका मधल्या डोंगरावर जायचं ठरलं. वाटेत दोन झोपड्या होत्या. आधी खालच्या झोपडीत मुक्काम, एक अख्खा दिवस तिथेच थोडं वर-खाली करून विसावा, मग वरची झोपडी, मग खिंड, आणि परत. शरीराला विरळ हवेची ओळख व्हायला वेळ द्यावा लागतो. त्यात घाई चालत नाही. हे वाक्य वाटाड्याने आयुष्यात इतक्यांदा म्हटलं होतं की बोलताना त्याला स्वतःचाच वीट येई.

खालच्या झोपडीत दोघे पोचले तेव्हा हवा स्वच्छ होती. लाकडी बाकांची एक खोली, भिंतीला खुंट्या, मधोमध शेगडी आणि आधीच्या लोकांच्या मोज्यांचा वास. वाटाड्याला रात्री झोप लागली नाही. सकाळी डोकं जड होतं. प्रवासाचा शीण, त्याने मनाशी ठरवलं, आणि वर कुणा सोबत्याला हेच वाटलं असतं तर आपण काय म्हटलं असतं, हा विचार त्याने केलाच नाही. दिव्याखाली अंधार असतो तो असा.

व्याही दाराशी उभे राहून वर बघत होते. ते म्हणाले, हवा चांगली आहे, माझ्यासाठी म्हणून तुम्ही इथे दिवस घालवू नका. त्यांना खरं तर म्हणायचं होतं की माझे पाय भरून आलेत, पण तुम्ही अडकून पडू नका. वाटाड्याला ऐकू आलं ते एवढंच, की यांना वर जायची घाई झाली आहे. त्यालाही खरं तर बाकावर आडवं पडून राहायचं होतं. दोघांनाही विसावा हवा होता, आणि दोघांनीही एकमेकांच्या मानापायी तो दिवस सोडून दिला. पाठपिशव्या बांधल्या आणि निघाले. दुसऱ्या कुणाला वाटाड्याने हे करू दिलं नसतं.

वरच्या झोपडीत दोघांनी जेमतेम सूप घेतलं आणि पडले. सकाळी व्याही उठले तेव्हा ताजेतवाने नव्हते, पण बरे होते. वाटाड्याला मळमळत होतं. तो ते बोलला नाही. चढणीला लागल्यावर त्याने नेहमीसारखं व्याह्यांना पुढे घातलं आणि आपण मागून त्यांच्या श्वासाकडे कान लावून चालू लागला. श्वास ठीक होता. पाऊल ठीक होतं. आपलं पाऊल बघायला मागे कुणीच नव्हतं.

व्याह्यांना मात्र दिसायला लागलं होतं. जन्मभर लोकांच्या डोळ्यांत बघितलेला माणूस तो. थांबले तेव्हा त्यांनी पाहिलं, की वाटाड्या पेल्यात पाणी ओततोय आणि पाणी पेल्याशेजारी सांडतंय. डावा हातमोजा त्याने उजव्या हातात कोंबला होता. "झोपडीचं दार ओढून घेतलंत ना?" त्याने विचारलं. व्याही हो म्हणाले. थोडं चढल्यावर त्याने पुन्हा तेच विचारलं, आणि व्याही पुन्हा हो म्हणाले. त्यांच्या मनात आलं, ज्याचे केस या डोंगरांवर पांढरे झाले त्याला आपण काय सांगायचं? त्याला राग आला तर? अपमान वाटला तर? उगाच सुनेच्या माहेराशी तेढ कशाला? असा विचार करत ते भला मोठा चढ गप्प चढले, आणि त्या चढावर त्या दोघांचं काहीही होऊ शकलं असतं.

खिंड दिसायला लागली तेव्हा वाटाड्या एका दगडावर बसला. त्याने मान वर केली आणि विचारलं, "दार ओढून घेतलंत ना?"

व्याही त्याच्यासमोर येऊन उकिडवे बसले. "तुम्ही हे तिसऱ्यांदा विचारताय," ते म्हणाले. "तुमची तब्येत बरी नाही. आपण खाली जायचं."

वाटाड्या भडकला. कालपर्यंत जिन्याच्या कठड्याला धरणारा माणूस आपल्याला शिकवतोय, असं त्याला वाटलं, आणि तो ते बोलूनही गेला. आणखीही बरंच बोलला, ते इथे सांगण्यासारखं नाही. शब्द जिभेवर अडखळत होते, आणि आपण अडखळतोय हे त्याला कळत नव्हतं. उठून वरच्या दिशेने चालायला गेला तर दारू प्यायल्यासारखा बाजूला झेपावला आणि गुडघ्यावर आपटला. तिथून कडा फार लांब नव्हता.

व्याह्यांनी त्याच्या पट्ट्याला हात घातला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "मी एकटा खाली गेलो तर तिला काय सांगू? तुमचा मान राखला म्हणून सांगू?"

वाटाड्या त्यांच्याकडे बघत राहिला. वाक्य त्याच्या डोक्यात उशिरा पोचलं, पण पोचलं. त्याने मान खाली घातली. मग व्याह्यांनी त्यानेच शिकवलेली गाठ दोघांच्या पट्ट्यांना मारली, त्याला पुढे घातलं आणि आपण वरच्या अंगाला राहून दोर ताणून धरला. वरच्या झोपडीत थांबू, असं वाटाड्या कुठे तरी पुटपुटला; व्याही नाही म्हणाले, आणि पुन्हा विचारलं तेव्हा पुन्हा नाही म्हणाले. आजारी माणसाला खाली न्यायचं, आणखी खाली न्यायचं, एवढंच त्यांच्या लक्षात होतं. ते पडत-झडत, बसत-उठत उतरले. खालच्या झोपडीच्याही खाली, झाडं सुरू झाली तिथे वाटाड्याचं डोकं हलकं व्हायला लागलं, आणि त्याला आपण कोण, कुठे आणि कुणाच्या जिवावर उतरलो ते कळलं. तो वाटेच्या कडेला बसला आणि रडला. त्यात लाज होती, पण लाजेपेक्षा थकवा जास्त होता. व्याही शेजारी बसून आपल्या चष्म्याच्या काचा पुसत राहिले. त्या पुसून झाल्या तरी पुसत राहिले.

पायथ्याच्या दवाखान्यात डॉक्टरने तपासलं, विरळ हवा बाधली म्हणून प्राणवायू लावला, दिवसभर ठेवून घेतलं, आणि वेळेत उतरलात एवढंच म्हणाला. परतीच्या गाडीत व्याह्यांनी विषय काढला. घरी काही सांगायची गरज नाही, ते म्हणाले; मी सांगतो की माझंच डोकं दुखायला लागलं. माझं काय बिघडतं त्यात? मी चष्मेवाला. तुमचं नाव आहे. वाटाड्याने खिडकीच्या काचेला डोकं टेकलं. त्याच्यात हो म्हणायचंही त्राण नव्हतं, आणि त्याने नाहीही म्हटलं नाही.

मुलगी कामावरून लवकर येऊन स्वयंपाकघरात वाट बघत होती. दोघे आत आले. व्याह्यांनी ठरल्याप्रमाणे सुरुवात केली: काही नाही गं, मीच ढिला पडलो, माझ्यामुळे यांना परत फिरावं लागलं. मुलीने त्यांना फैलावर घेतलं. या वयात कशाला नसते उद्योग, तुम्हाला काही झालं असतं तर आम्ही काय करायचं होतं, ते बूट आधी घराबाहेर टाका. ती बोलत होती आणि तिचा आवाज कापत होता. व्याही शाळेतल्या पोरासारखे मान खाली घालून ऐकत होते. दुसऱ्याचं बोलणं आपल्या पाठीवर घेण्यात या माणसाचा हातखंडा होता.

वाटाड्याला ते बघवेना. "त्यांना बोलू नकोस," तो म्हणाला. "आजारी मी पडलो. मला कळलंसुद्धा नाही. मी त्यांना वाटेल ते बोललो आणि त्यांनी मला पट्ट्याला धरून खाली आणलं. ते नसते तर मी आज इथे नसतो."

 मुलगी खुर्चीवर बसली. तिने आधी बापाकडे बघितलं, मग सासऱ्यांकडे, आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"पप्पा, मी तुम्हाला हे करायला नव्हतं सांगितलं," ती सासऱ्यांना म्हणाली.

व्याही म्हणाले, जाऊ दे गं. पण ती थांबली नाही. तिने सगळं सांगून टाकलं. आई गेल्यापासून बाबा नुसता खिडकीत बसून असतो, दिवसेंदिवस खचत चाललाय, डोंगर सुटला म्हणून असं झालंय, असं तिला वाटत होतं. म्हणून तिनेच सासऱ्यांना गळ घातली होती, की त्याला काही तरी काम द्या, तुम्ही म्हटलं तर तो नाही म्हणायचा नाही. व्याह्यांना उंचीची भीती वाटे. दुकानातल्या वरच्या फळीवरचा माल काढायलाही ते नोकराला चढवत. सुनेच्या शब्दाखातर तो माणूस महिनोन्महिने जिने चढला, त्याने बूट घालून टीव्ही बघितला, आणि वर, त्या चढावर, खाली न बघता पाऊल टाकलं.

वाटाड्याने व्याह्यांकडे बघितलं. व्याही म्हणाले, "तुम्हाला हौस होती ना. मला वाटलं, आपण सोबत करावी."

"मला कुठली हौस?" वाटाड्या म्हणाला. "मला वाटलं तुम्हालाच आहे."

हसायला हवं होतं. व्याह्यांच्या ओठांवर हसू आलंही, पण वाटाड्याच्या तोंडाकडे बघून ते मावळलं. दोघांपैकी एकालाही नको असलेल्या डोंगरावर ते एकमेकांच्या मानासाठी जीव टाकून येणार होते, आणि ही मुलगी दोन्हीकडून पोरकी व्हायची होती. वाटाड्याला हे सगळं आता, या उजेडाच्या स्वयंपाकघरात, स्वच्छ दिसलं. तो इतका थकला होता की त्याच्यात लपवायची ताकद उरली नव्हती.

"मला डोंगर नको होता गं," तो मुलीला म्हणाला. "माझा डोंगर केव्हाच संपला. तू मधून मधून येऊन नुसती बसायला हवी होतीस. काही बोलली नसतीस तरी चाललं असतं."

"मग सांगायचं होतंस," मुलगी म्हणाली.

"तू कामात असतेस."

 मुलीने हाताच्या पालथ्या बाजूने डोळे पुसले. व्याही हळूच उठले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. आत काय बोलायचं ते आता बापलेकीने बोलावं, असं त्यांना वाटलं असणार. पण आत कुणी बोललं नाही. वाटाड्या बूट काढायला वाकला, तर पाठ वाकेना. मुलगी त्याच्या पायाशी जमिनीवर बसली आणि त्याच्या नाड्या सोडायला लागली. चिखल वाळून गाठी दगडासारख्या झाल्या होत्या. तिला घाई नव्हती.